शेगडीतली सुपारी

शेगडी बंद पडली आणि मुलीने मला शनिवारपर्यंतची मुदत दिली. ती ब्रिस्टलला असते, मी कार्डिफच्या वरच्या डोंगरातल्या एका खेड्यात, आणि आमचा संसार आता फोनवर चालतो. "बाबा, हीटिंग नाही तर तुम्ही मॅनेज कसं करणार? सॅटर्डेला मी येते. शेगडी चालला तर ओके. नाही तर यू आर कमिंग विथ मी, आणि घर विकायचं." शेगडीला ती लहानपणापासून पुरुष करते. मी बरं म्हणालो. आमच्या खेड्यापर्यंत गॅसची लाइन आलेलीच नाही, आणि इलेक्ट्रिक हीटरने माझे फक्त पाय शेकत होते. पण हे घर मला सोडायचं नव्हतं.

शेगडी हे बायकोने ठेवलेलं नाव. खरं तर तो जुनाट पेलेट स्टोव्ह. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या वरच्या टाकीत ओतायच्या, खालचा लांब स्क्रू फिरत फिरत त्या थोड्या थोड्या आगीकडे सरकवतो. राख काढणं, पंखा पुसणं, थंडी सरली की टाकी तळापर्यंत रिकामी करून व्हॅक्यूमने साफ करणं, सगळं ती करायची. मी हॉस्पिटलात म्हाताऱ्यांचा डॉक्टर, त्यामुळे घरात फार मोठा माणूस. माझ्याकडे एकच काम होतं, सकाळी पोतं उचलून टाकीत ओतायचं. फेब्रुवारीत ती गेली. यंदा टाकी कोणी साफ केली नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. मॉडेलचा नंबर ऐकून तो हसला आणि नवीन घ्या म्हणाला. मला राग आला. माझ्या वयाच्या माणसाला असलं काही ऐकवू नये.

मग मी तिची मॅन्युअलची फाइल काढली. समासात तिच्या अक्षरात सूचना होत्या. 'आधी प्लग काढा. मग डोकं चालवा.' हे कोणासाठी लिहून ठेवलं होतं, ते कळायला मला वेळ लागला नाही. एकटाच हसलो आणि हसताना रडायलाही आलं.

पेशंट तपासावा तसा तपासायला बसलो. पंखा फिरत होता. पेटवणारी सळई लाल होत होती. टाकी भरलेली होती. पण आगीच्या भांड्यात एकही कांडी पडत नव्हती. मोटर दोनदा गुरगुरायची आणि गप्प व्हायची. म्हणजे मोटर ठीक, वाटेत काहीतरी अडकलंय. एवढं निदान करायला दोन दिवस गेले. तिने चहा उकळेपर्यंत केलं असतं.

शुक्रवारी सकाळी प्लग काढला, टाकी वाडग्या-वाडग्याने उपसली. तळाला भुशाचा घट्ट थर बसला होता. तो खरवडला, टॉर्च आत धरला. स्क्रूच्या तोंडाशी काहीतरी गोल, तपकिरी, घट्ट रुतलं होतं. माझ्या जुन्या लांब फोर्सेप्सने पकडून, हलवून हलवून बाहेर ओढलं.

सुपारी होती. एका बाजूला स्क्रूचा ओरखडा, दुसऱ्या बाजूला थोडं कुंकू.

अजून तिचं वर्षही झालेलं नाही, म्हणून यंदा घरात सणवार नव्हते. सुपारी गेल्या वर्षीची होती, तळाच्या भुशात दबून राहिलेली आणि आता कुठे स्क्रूपर्यंत सरकलेली. खंडेनवमीला ती हत्यारांची पूजा करायची. विळी, शिवणयंत्र, माझा स्टेथोस्कोप आणि शेवटी शेगडी. टाकीच्या झाकणावर विड्याचं पान, पानावर सुपारी, बागेतलं फूल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं होतं, "अहो, सुपारी कुठे गेली?"

"ठेवलीच नसशील."

"ठेवली होती. मी माझ्या हाताने ठेवली."

त्या सुमारास ती चष्मा शोधायची, दूध उतू जायचं. मला स्मृतिभ्रंशाची शंका होतीच. मी खुर्ची ओढली आणि पेशंटला विचारतो त्या आवाजात विचारलं, "आज वार कोणता? आणि शंभरातून सात-सात वजा करत जा बघू." तिने वार सांगितला. शंभरापासून थेट दोनपर्यंत गेली, एकदाही न चुकता. त्यानंतर दोन दिवस 'जेवायला या' याखेरीज एक शब्द बोलली नाही.

पान आणि फूल मी त्या सकाळी मोठ्या भक्तिभावाने उचलून खिडकीत ठेवलं होतं, ते मला आठवतं. मग झाकण उघडलं, पोतं ओतलं. पानावरून घरंगळलेली सुपारी मीच आत पाडली होती. माझ्या एकुलत्या एका कामात.

शेगडी पहिल्या झटक्यात पेटली. शनिवारी मुलगी आली, कोट काढून तिने शेगडीच्या काचेजवळ हात धरले. "वॉव, बाबा! काय झालं होतं त्याला?"

मी सुपारी तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. वजाबाकीसुद्धा.

तिने सुपारीवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. "आईने मला सांगितलेलं. दॅट यू टेस्टेड हर."

"कधी?"

"तेव्हाच. बाबा, शी यूज्ड टू प्रॅक्टिस. मी मॉर्निंगला कॉल केला की ती पोळ्या लाटताना म्हणत असायची. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. मी विचारलं व्हाय, तर म्हणाली, 'बाबांनी परत विचारलं तर चुकायला नको.'"

घर विकण्याचा विषय तिने काढला नाही. अंधार पडायच्या आत ब्रिस्टलच्या वाटेवरचा मोठा पूल ओलांडायचा म्हणून तीन वाजता निघाली. जाताना म्हणाली, "ओके, बाबा. राहा तुम्ही इथेच."

मी सुपारी देवघरात ठेवली आणि खुर्ची शेगडीजवळ ओढली. घर छान गरम झालं होतं. माफी मागायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने मोजायला लागलो. शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशीला मी अडलो. तिथून पुढे ती रोज सकाळी एकटी दोनपर्यंत जात होती.