ईस्टरच्या आदल्या दिवशीची चूक

आमचे हे गेल्यापासून दोन वर्षं माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नव्हती. चर्चला जायची, गीतं म्हणायची, डोळे मिटून बसायची, पण आत सगळं कोरडं ठाक. देवावर रागच होता, खोटं काहून बोलू? सिलतऱ्याच्या कारखान्यात उभं आयुष्य राबलेला माणूस. निवृत्तीनंतर वर्षभरही देवानं त्याला सुखानं बसू दिलं नाही. यांच्या आजारपणात गुडघे टेकून टेकून मी किती विनवण्या केल्या होत्या! शेवटी देवाला स्पष्ट सांगून टाकलं, तुझं तू बघ, माझं मी बघते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी साफ करायची आमच्याकडे रीत आहे. गवत उपटायचं, चुन्याचा हात द्यायचा. रविवारी पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात उपासनेला जमते, तेव्हा आपलं माणूस नीटनेटकं दिसलं पाहिजे. मागच्या वर्षी सूनबाईनं मला तेलीबांध्याच्या घरून स्कूटीवर नेऊन सोडलं. "मम्मी, मैं भी रुक जाऊँ?" ती इकडची, हिंदी मुलखातली; तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. मी म्हटलं, "काही गरज नाही. माझ्या माणसाची कबर मले सापडत नाही का?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन आज-उद्या करत टाळलेलं, पण ताठा असा की विचारू नका.

कबरी सगळ्या सारख्याच, साध्या सिमेंटच्या, उशाशी क्रॉस. भर उन्हात मी गवत काढलं, झाडलं, कुंच्यानं दोनदा चुना दिला, आणि देता देता यांच्याशी मनसोक्त भांडले. "इतकी काय घाई झाली होती तुम्हाले? मी एकटी इथं काय करून राहिली, पाहता का तुम्ही?" रडले, पदरानं नाक पुसलं, पुन्हा कुंचा बुडवला. देवाशी मात्र एक अक्षर बोलले नाही.

रविवारी झुंजुमुंजू असताना सूनबाई आणि मी पोचलो. चर्चच्या पाळकसाहेबांनी "मसीह जी उठा है!" म्हटलं आणि सगळ्यांनी "सचमुच जी उठा है!" म्हणून आवाज दिला. मी तेवढ्यात माझी मेणबत्ती पेटवून घेतली. ती घेऊन आमच्या कबरेपाशी गेले, तर तिथं एक उंच म्हातारा गृहस्थ कबरेवर हात ठेवून हुंदके देत होता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भैया, ये हमारे घर की कबर है." त्यानं मोबाईलचा उजेड क्रॉसवरच्या नावावर धरला. सूनबाईनं वाचलं, सुषमा. आमच्या यांची कबर एक रांग मागं होती, गुडघाभर गवतात.

अगं बाई! मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं विचारलं, "ये पुताई आपने की है?" मी मान खाली घालून म्हटलं, "हव. चुना मीच दिला."

मग तो सांगू लागला. सुषमा त्याची एकुलती एक पोट्टी, नर्सिंग शिकताना गेली. तेव्हापासून त्यानं चर्च सोडलं, कबरेकडेही फिरकला नाही. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. तिनं फार गळ घातली म्हणून आज आला होता. "डरते-डरते आया था, दीदी. सोचा था, झाड़ी हो गई होगी, बेटी को क्या मुँह दिखाऊँगा. यहाँ देखा तो लगा, कोई मुझसे पहले आके बैठा था." एवढं बोलून तो उठला, यांच्या कबरेपाशी जाऊन उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागला. मीही खाली बसले.

त्या पहिल्या ईस्टरला पहाटे मसीहाच्या कबरेकडे निघालेल्या बायकांचाही अंदाज चुकलाच होता. त्या मेलेल्याची सेवा करायला गेल्या होत्या, आणि तो तर जिवंत उठला होता. पवित्र शास्त्रात त्यांच्याबद्दल किती वेळा वाचलं असेल मी, पण त्या दिवशी त्या मला माझ्या वाटल्या. मी देवाशी अबोला धरला होता. त्यानं माझ्याशी धरला नव्हता. मी रागात, रडत, आंधळ्यासारखी हात चालवत होते, आणि ते काम त्यानं एका बापाच्या पदरात टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही. आता रोजच्या कामात हेच मनाशी धरते. भाजी चिरताना, कोणाच्या आजारपणात डबा नेताना, आपला हात कुठं पोचतो ते आपल्याला दिसलंच पाहिजे असं नाही. आपण हात द्यावा, पुढचं त्याच्यावर सोडावं.

गवत उपटता उपटता माझे ओठ हलत होते, हे सूनबाईनं पाहिलं. दोन वर्षांनी मी प्रार्थना करत होते. यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. घरी अंथरुणावर वाट पाहणाऱ्या सुषमाच्या आईसाठी.