तलासरीच्या गिरणीचे फेरे

गेल्या वर्षी भंगार बाजारातून मी जुना हाती टॅकोमीटर आणला. फिरत्या शाफ्टच्या टोकाला त्याची रबरी टोपी टेकवली की मिनिटाला किती फेरे होतात ते काटा सांगतो. माझा काटा मात्र अडकलेला. ठाण्यातले दुरुस्तीवाले हसून परत पाठवायचे. धाकटी डहाणू या गावात बोटींची इंजिनं लावण्यात हयात घालवलेले रमाकांतकाका आहेत असं कळलं आणि शनिवारी बाईक काढली.

लवकर निघा, नाहीतर घोडबंदरलाच तासभर जातो. चारोटीला डावीकडे वळलं की गर्दी सुटते.

काकांनी ओट्यावर बसूनच यंत्र खोललं, पेट्रोलने धुतलं, तेलाचा थेंब सोडला. काटा हलला.

"आता खरं बोलतो की नाही, ते चालू इंजिनावर कळेल," काका म्हणाले. "तलासरीला माझ्या बहिणीची भातगिरण आहे. तिची काहीतरी तक्रार आहेच."

सुके बोंबील नि भाकरी खाऊन आम्ही दोघं बाईकवर निघालो. परत चारोटी, मग महामार्गाने उत्तरेला.

काकांची बहीण, शेवंतामावशी, तांदळाने भरलेलं सूप हातात घेऊनच बाहेर आल्या.

"बघ दादा, नुसती कणी. गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलं. मी गिरण विकून टाकते आता."

इंजिनाच्या पाटीवर ६५० फेरे लिहिलेले. मी टोपी टेकवली. काटा ८१० वर. काकांनी खिशातून फेरे मोजायचं दात्यांचं छोटं यंत्र काढलं आणि घड्याळ लावून मिनिटभर धरलं. ८०८.

"दोन्ही यंत्रं एकच सांगतात. एवढ्या वेगात तांदूळ तुटणारच. वेगाचा स्क्रू कोणी पिळला?"

मावशी म्हणाल्या, "मीच. पावसाळ्यात इंजिन दबत होतं म्हणून."

काकांनी स्क्रू सैल केला, मी वाचत गेले: सातशे, सहाशे ऐंशी, सहाशे पन्नास. खाली पडलेला तांदूळ मावशींनी ओंजळीत घेतला. अख्खा होता. त्यांनी ती ओंजळ माझ्यापुढे धरली.

निघताना टॅकोमीटर मी तिथेच ठेवला, मावशींना फेरे मोजता यावेत म्हणून. घरी कपाटातली रिकामी जागा बघून दोन दिवस थोडी हळहळ वाटली.

पुढच्या रविवारी मावशींचा फोन आला. "ताई, आज सहाशे पंचेचाळीस दाखवतंय."

"पाच फेऱ्यांनी काही बिघडत नाही, मावशी."

"ते माहितीय मला. मोजलं म्हणून सांगितलं."