हाकेला विसावा

नांदे गावात मी कंपनीच्या बससाठी उभी राहायचे, तिथं समोरच एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घर होतं. नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं आबा म्हणायचे. डेअरीत दूध घालून ते परत यायचे, रिकामी किटली अंगणात ठेवायचे, पाय धुवायचे आणि दाराकडे तोंड करून हाक द्यायचे, "आलो गं!" मगच आत जायचे. पूर्वी या हाकेवर आतून पाण्याचा तांब्या यायचा. आता आजी पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आतून काहीच येत नसे.

एकदा त्यांनी मला विचारलं, "पोरी, तितं कंपनीत करतीस तरी काय?"

"पेशी बघते, आबा. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, कानच म्हणा. बाहेरचा निरोप आत शिरत नाही, कानाशीच थांबतो. पण तेवढ्यानं आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि पेशी जागी होते."

"आन् सारखी हाक मारली तर?"

"मग पेशी ते कान आत ओढून घेते. विसावा मिळाला की पुन्हा बाहेर काढते."

आबांनी वळून दाराकडे पाहिलं. म्हणाले, "म्हंजे माज्याच हाकांनी तिचं कान मिटलं व्हय?"

"अहो, हे पेशीचं झालं. माणसाचं तसं नसतं," मी घाईनं म्हटलं. तेवढ्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किटली ठेवली, पाय धुतले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. हाक मारली नाही. बस वळेपर्यंत मला ते तसेच दिसत होते, ओठ घट्ट मिटून, आजींना विसावा देत.