कार्डावर प्लेट, रोखीनं प्लास्टर

काजूच्या वाळल्या पानांवरून आईचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. काजूची फळं, बोंडू, गोळा करायला माणूस लाव म्हणून मी दरवर्षी सांगते, ती दरवर्षी हो म्हणते. बाबा गेल्यापासून लाटंबार्से गावातल्या घरात ती एकटीच असते. हात गेला तर घर सोडून डिचोलीला माझ्याकडे यावं लागणार, हे तिला पडल्या पडल्याच कळलं असावं. रिक्षात ती सुजलेलं मनगट मांडीवर धरून बसली. "तुज्या फ्लॅटात मी येवचंय नाय," एवढंच म्हणाली.

सरकारी इस्पितळात हाडांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. म्हणून आम्ही एका खाजगी इस्पितळात गेलो, तिथे सरकारी विम्याचं कार्ड चालतं असं शेजारणीनं सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं आधी कार्ड मागितलं, मग कुठे लागलं ते विचारलं. मी तिथेच चिडले होते, पण आईनं डाव्या हातानं माझी ओढणी ओढली.

डॉक्टर तरुण होता, जागरणानं डोळे लाल. त्यानं एक्स-रे उजेडासमोर धरला. "मनगटाचं हाड मोडलंय. ऑपरेशन करून प्लेट घालू. काळजी करू नका, सगळं कार्डात बसतं."

आईला साखरेचा आजार आहे. ऑपरेशनची जखम चिघळली तर? जरा वेळ मिळावा म्हणून मी काहीतरी विचारलं, "आणि रोख पैसे भरले तर?"

"मग प्लास्टर करू."

एक्स-रे अजून त्याच्या हातातच होता. मी शाळेत गणित शिकवते. एकाच गणिताची अशी दोन उत्तरं कुणी लिहिली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. "हाड तेच ना, डॉक्टर?" माझा आवाज चढला. बाहेर बाकावरची माणसं आत डोकावली.

तो चिडला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "ताई, दाखल करून ऑपरेशन केलं तरच मंजुरी येते. प्लास्टर घालून घरी पाठवलेल्याचे पैसे कार्डातून मिळत नाहीत. मॅनेजमेंट मला दर महिन्याला विचारते, किती ऑपरेशनं झाली. नियम मी केलेले नाहीत." मग हळू आवाजात म्हणाला, "या वयात दोन्ही चालतं."

दोन्ही चालतं! मग आधी एकच का सांगितलंस, बाबा?

आईला मात्र वेगळीच चिंता. "कार्ड असा मगे पैसे कित्याक घालतस?" माझ्या पर्समधून जाणारी नोट तिला मनगटापेक्षा जास्त दुखत होती. पण मी हट्टाला पेटले. त्या माणसाच्या हिशेबासाठी माझ्या आईचं मनगट कापायचं नाही, म्हणजे नाही. मी रोख भरले आणि प्लास्टर घालून, ते निघेपर्यंत तरी, तिला माझ्या फ्लॅटात घेऊन आले. त्या रात्री मला झोप लागली, कारण आपण जिंकलो असं वाटत होतं.

प्लास्टर काढलं तेव्हा मनगट वाकडं होतं. डॉक्टरनं ते फिरवून बघितलं. "प्लेट घातली असती तर सरळ बसलं असतं, कदाचित."

"मग तेव्हा ठासून का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रोख म्हणालात," तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. तो पहिल्यांदा खरं बोलला, दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा? त्याला तरी माहीत असेल का? ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्याशी मी भांडले, आणि भांडले नसते तरी विश्वास कुठे ठेवणार होते? आई घरी परत गेली आहे. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला हात दाखवून माझी, म्हणजे मुलीची, तक्रार सांगते, "माज्या चेडवान कार्ड फुकट घालवल्यान." लोक हसतात. मीही हसते, काय करणार.

गेल्या रविवारी गेले तेव्हा नारळ फोडलेला होता आणि आदोळीपुढे, म्हणजे खोबरं खवायच्या विळीपुढे, ताट मांडलेलं. आपल्या आदोळीवर आईनं मला कधी बसू दिलं नाही, माझं खोबरं जाड पडतं म्हणून. त्या दिवशी तिनं डाव्या हातानं नारळाची एक कवड माझ्या हातात दिली. "आज तूच खव."

मी खवत होते. ती दाराकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "तुज्या फ्लॅटात ही आदोळी मावतली?"