सुभेदाराचा ताप आणि तात्यांच्या कोंबड्या

डॉक्टर मॅडमनी थर्मामीटर पुसला, उजेडाकडे धरून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "एकशे पाच. कुत्र्याच्या मानानेसुद्धा फार आहे."

आम्ही बारामतीत त्यांच्या दवाखान्यासमोर, शेजारच्या तात्यांच्या पिकअपमागे उभे होतो. हौद्यात गोणपाटावर सुभेदार पडला होता. नाकातून पाणी येत होतं, डोळे लाल होते आणि दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी त्याला उचलायला वाकलो, तर मॅडमनी हाताने थांबवलं.

"आत नको. गाडीतच राहू दे. आठ-दहा दिवसांत याने काय काय खाल्लंय?"

"दूध-भाकरी. तीही थोडीच."

"कच्चं मांस? एखादा मेलेला पक्षी?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे सुतक होतं. घरात चूलही पेटत नव्हती."

मी हे अगदी खात्रीने सांगितलं, आणि ते चूक होतं. तात्या गाडीच्या दाराला धरून उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"खाल्लीय, बाई. म्या घातलीय. मेलेली कोंबडी. दोन डाव."

"कुठली कोंबडी?"

"माजीच. तीनशे हाईत शेडात. हवा बदलली म्हून चार-पाच पडल्या. ताजी व्हती हो. हे बिचारं चार दिस पान्याला बी तोंड लावंना. म्हणलं, सुतक ह्यास्नी हाय, कुत्र्याला कसलं आलंय सुतक?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा मास्क नीट केला, एकेक आम्हा दोघांना दिला आणि मग म्हणाल्या, "याला बर्ड फ्लू असू शकतो. असू शकतो, एवढंच म्हणतेय. पण आजपासून आहे असं धरून वागायचं."

ज्यांच्या दारात कुत्रं आहे आणि शेजारी कोंबड्या आहेत, अशा लोकांसाठी मी हे लिहितो आहे. आमच्या भागात दोन्ही नसलेलं घर शोधावं लागेल.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. कुत्रं मी कधी पाळलं नाही. सुभेदार माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा. आक्का कळसला आमची शेती एकटीने पाहायची. दोडका, काकडी, थोडे पेरू. ती मेंदूतल्या रक्तस्रावाने अचानक गेली, ते सुतक तिचंच, आणि मी पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन मळ्यात राहायला आलो. शेतीतलं मला काही कळत नव्हतं. तिचा दिवस कसा जायचा हेही मी कधी विचारलं नव्हतं. ते कुत्र्याला माहीत होतं. तो सकाळी उठून आधी विहिरीच्या मोटरीशी जायचा, मग दोडक्याच्या मांडवाखालून, मग पेरूच्या शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिथे थोडा वेळ बसायचा. मी त्याच्या मागून चालायचो. आक्काही तिथे बसत असणार, हे मला त्याच्यामुळे कळलं. तो गेला असता तर तिच्या दिवसाची आठवण असणारं दुसरं कोणीच उरलं नसतं. मला भीती होती ती याची.

एव्हियन इन्फ्लुएन्झा म्हणजेच बर्ड फ्लू. हा मुळात पक्ष्यांचा विषाणूजन्य आजार. कुत्र्यांना तो सहसा होत नाही, पण आजारी किंवा मेलेला पक्षी कच्चा खाल्ला तर होऊ शकतो, आणि झाला तर थेट फुफ्फुसं धरतो. मॅडमनी हे मला गाडीशी उभं राहून सांगितलं. स्वॅब घेतले, म्हणजे लांब काडीला गुंडाळलेला कापूस घशात आणि नाकात फिरवून नमुना घेतला. तो भोपाळच्या प्रयोगशाळेत जाणार होता. सलाइन गाडीतच लावलं. बाटली तात्यांनी हात उंच करून धरली होती. दवाखान्यातली बाकडी आतल्या इतर कुत्र्या-मांजरांसाठी होती. आमची वेटिंग रूम म्हणजे ती पिकअप. दोन तासांत तात्यांनी हात बदलला, पण बाटली खाली आली नाही.

मग मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "तात्या, मला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवावं लागेल. ते येऊन तुमच्या कोंबड्यांची तपासणी करतील. त्यात काही निघालं तर—"

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "समद्या माराव्या लागत्यात. कळवा."

पुढचे दिवस मी आक्काच्या अवजारांच्या खोलीत काढले. सुभेदाराला तिथे वेगळं ठेवलं होतं. क्वारंटाइन हा शब्द आता सगळ्यांना ठाऊक आहे. इथे त्याचा अर्थ असा की त्याच्याकडे मी एकट्याने जायचं, मास्क आणि हातमोजे घालून, त्या खोलीसाठी वेगळ्या चपला वापरून. त्याची ताटली वेगळी धुवायची. तो शिंकला की तोंड जवळ न्यायचं नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "विषाणूला मारेल असं औषध माझ्याकडे नाही. त्याचा श्वास चालू ठेवायचा आणि वरून दुसरा जंतू चढू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे." त्यासाठी अँटिबायोटिकची इंजेक्शनं होती आणि नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं लहान यंत्र. यंत्र त्यांनी स्वतःचं दिलं. पहिले तीन दिवस त्या दवाखाना आटोपून कळसपर्यंत स्वतः येत राहिल्या. गाडी लांब रस्त्यावर लावायच्या, पांढरा पोशाख चढवायच्या आणि चालत यायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी सुई माझ्या हातात दिली. मी ती घाईने टोचायला गेलो. "पुस्तकाची पानं उलटता ना? तेवढ्याच हळू," त्या म्हणाल्या.

तात्या रोज सकाळी बांधावर येऊन उभे राहायचे. पुढे यायचे नाहीत.

"हाय का?"

"आहे."

एवढं बोलून ते परत जायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या कोंबड्यांचा अहवाल आला. पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू सापडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पथक आलं. शेडातल्या सगळ्या कोंबड्या गेल्याच, शिवाय आसपासच्या वस्त्यांवरच्याही गेल्या, कारण ठरावीक अंतरातले सगळे पक्षी मारावे लागतात. मी लांबून पाहत होतो. तात्या पथकासोबत फिरत होते. आधी पुरलेल्या कोंबड्यांचा खड्डा त्यांनी दाखवला. त्या आठवड्यात कुणाकुणाकडे अंडी दिली, ती घरं बोटांवर मोजत आठवून सांगितली. एक घर राहिलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले आणि तेही सांगितलं. इतकी वर्षं नोंदी ठेवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसालाही त्यात खोट काढता आली नसती.

आमच्या चुलत वहिनींच्याही बारा कोंबड्या गेल्या. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तात्या, एका कुत्र्यापायी आख्ख्या वस्तीची पाखरं घालवलीसा."

"कुत्र्यापायी न्हाय, वयनी," तात्या म्हणाले. "कोंबड्यांपायी कुत्रं पडलंय. ते पडलं म्हून कळलं तरी. न्हायतर रविवारी रस्सा करून तुमाला बी वाढला असता."

वहिनी पुटपुटत गेल्या, पण संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी आणून कुंपणावर ठेवली.

आरोग्य केंद्रातल्या ताई रोज फोन करून माझी आणि तात्यांची चौकशी करत. ताप, खोकला, डोळे लाल होणं असं काही आहे का? पक्ष्याला किंवा आजारी प्राण्याला हात लागलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, म्हणून दहा दिवस लक्ष ठेवतात. तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ताप अंगात न्हाय, बाई. डोक्याला लई हाय."

पाचव्या दिवशी सुभेदाराने मान उचलली नाही. मी फोन केला. मॅडमनी त्याचे श्वास मोजायला सांगितले. मिनिटाला किती, ते मी फोन कानाला लावून मोजत होतो आणि त्या पलीकडे शांतपणे ऐकत होत्या. वाफ वाढवा, कुशीवर वळवा, तासाने पुन्हा मोजा. मी मोजत राहिलो. आक्का गेली तेव्हा मला काहीच करता आलं नव्हतं, मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. इथे निदान मोजायला काहीतरी होतं. दुपारनंतर आकडा उतरू लागला. सहाव्या दिवशी त्याने भाताची पेज चाटली.

त्या दिवशी बांधावरून "हाय का?" आलं तेव्हा मी "खाल्लं!" असं ओरडलो. आक्का गेल्यापासून माझा आवाज एवढा मोठा झाला नव्हता. तात्यांनी टोपी काढली, घातली आणि गेले.

आता थोडं तुमच्यासाठी. कुत्र्याला कच्ची कोंबडी, तिची आतडी, पाय, मुंडकं घालू नका. द्यायचंच तर नीट शिजवून द्या. पूर्ण शिजलं की हा विषाणू मरतो. मेलेली कोंबडी किंवा रानात पडलेला कावळा, बगळा कुत्र्याने तोंडात धरला तर हाताने ओढू नका, त्याला हाक मारून लांब घ्या आणि डॉक्टरांना सांगा. आसपास पक्षी मरत असतील तेव्हा कुत्रं बांधलेलं बरं. आमच्याकडे उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात लांबून पक्षी येतात, तेव्हा पाणवठ्यावर त्याला मोकळं सोडू नका. कोंबड्या मरू लागल्या तर दोष हवेवर ढकलू नका, लगेच कळवा. आणि डॉक्टरांनी काय खाल्लं असं विचारलं, तर घरातल्याच नाही, शेजारच्या माणसालाही विचारून मग उत्तर द्या. मी विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. सुभेदाराचा अहवाल निगेटिव्ह होता.

"म्हणजे त्याला बर्ड फ्लू नव्हता?"

"नमुन्यात सापडला नाही. न्यूमोनिया तर नक्कीच होता. कशामुळे, ते मला माहीत नाही."

मी आयुष्यभर जाणकार माणसांमध्ये वावरलो. 'माहीत नाही' हे इतक्या सरळपणे म्हणणारी माणसं मला फार भेटली नाहीत. त्या पुढे म्हणाल्या, "सोमवारपर्यंत वेगळंच ठेवू. तोवर तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि तात्यांना सांगा, ते त्या दिवशी बोलले नसते तर कोंबड्यांचं आठवडाभर तरी कुणाला कळलं नसतं. तोवर त्या बाजारात गेल्या असत्या."

मी बांधावर गेलो. पलीकडे तात्या रिकाम्या शेडात चुना मारत होते. मी हाक मारली आणि सांगितलं. ते बादली ठेवून बांधावर बसले.

"मंजी माज्या कोंबडीनं न्हाय झालं?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून 'नाही' म्हणणं सोपं होतं.

"खात्रीने सांगता येत नाही म्हणतात. नमुन्यात सापडला नाही, एवढं खरं."

त्यांनी हाताला लागलेला चुना गवताला पुसला. मग म्हणाले, "नुसतं न्हाय म्हणला असता तरी भागलं असतं की, वसंतराव."

"तुम्हीही त्या दिवशी गाडीशी गप्प बसला असतात तरी भागलं असतं."

ते हसले. बारा दिवसांत पहिल्यांदा. "पुस्तकं वाचून लई बोलाय शिकलाय तुमी," म्हणाले. मी मॅडमचा निरोप दिला. त्यांनी दोनदा सांगायला लावला.

आज मळ्यात माझ्याजवळ एक जिवंत कुत्रं आहे. त्याचं श्रेय त्या डॉक्टरांचं, ज्यांनी मला खोटा धीर दिला नाही, आणि या माणसाचं, ज्याने तीनशे कोंबड्यांपेक्षा एका कुत्र्याचा श्वास मोठा मानला. आक्काने शेजार चांगला निवडला होता असं म्हणावंसं वाटतं. पण शेजार कुणी निवडत नाही, तो लाभतो. मला तो तिच्यामागे लाभला.

त्या संध्याकाळी मी सुभेदाराला साखळी लावून पहिल्यांदा अंगणात आणलं. तो वाळला होता, पाय लटपटत होते. बांधावर तात्यांना पाहताच त्याने साखळी ताणली आणि मला ओढत नेलं. हातभर अंतरावर मी त्याला आवरलं. शेपटी सगळ्या अंगासकट हलत होती. तात्या वाकले, त्यांचा हात पुढे झाला, आणि मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"न्हाय, बाबा," ते त्याला म्हणाले. "सोमवारी. बाईंनी सोमवार सांगितलाय."