पुलाशी उभा असलेला वायरलेसवाला

आखाडा बाळापूरजवळचा एक पूल भर दुपारी पुरात खचला, तेव्हा माझी बायको आणि तीन वर्षांची मुलगी एसटीने हिंगोलीहून त्याच पुलाकडे निघाल्या होत्या. मोबाइल बंद पडले होते, म्हणून मी वर्गात शिकवायचं सोडून शाळेतून थेट पुलाच्या अलीकडच्या टोकाशी धावलो.

पुलाशी खाकी रेनकोट घातलेला एक वायरलेसवाला उभा होता. त्याच्या हँडसेटचा आवाज फार लांब जात नसे. पाण्याची पाहणी करणाऱ्या जीपगाड्या पलीकडच्या रस्त्यांवर फिरत होत्या. निरोप एका जीपकडून दुसऱ्या जीपकडे असा पुढे जाई. तो प्रत्येकाकडून निरोप पुन्हा म्हणवून घेई आणि डोळे मिटून ऐके.

मधेच एक जीप टेकडीआड गेली आणि आवाज तुटला.

"एसटी पुलाआधी थांबवा, असं सांगितलंत ना जीपवाल्यांना?" मी विचारलं.

"गुरुजी, सांगितलं म्हंजे पोचलं न्हाई," तो म्हणाला, आणि कालव्याकडच्या जीपला हाक देऊन त्याने दुसऱ्या वाटेने निरोप धाडला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "एसटी थांबवली."

मी हात जोडले. त्याने मान हलवली. "कोणती थांबवली, काय माहीत. तुमचं लेकरू कसं हाय?"

"हिरवा फ्रॉक आहे. हनुवटीवर खोक आहे."

तो प्रश्न तीन गाड्यांमधून गेला. खाली पाणी पुलाचे दगड ओढून नेत होतं.

"हाय," शेवटी आवाज आला. "हिरवा फ्रॉक, खोक बी हाय. आईच्या मांडीवर झोपलंय."

तेव्हा कुठे तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला.