पनीरमधला हरभरा

संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. पिपलानीच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. निवृत्त होईपर्यंत अंगठा फिरवल्याशिवाय एकाही नगावर सही केली नाही.

बायकोच्या पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले: नेहमीची दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नाहीतर नवा रोबो. संमतीपत्रावर सही मी करायची होती. आमची मुलगी अशाच रोबोच्या चिमट्यांवर संशोधन करते, म्हणून तिला विचारलं. एरवी त्या यंत्राबद्दल ताटातलं गार होईपर्यंत बोलणारी पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठरवा."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही स्वतःच्या आईवरच प्रयोग करायला निघालेली नाही ना? तेव्हापासून ती फोनवर हळू बोलली तरी मी कान टवकारायचो.

नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची कारखान्यात आमची एक रीत होती. चांगल्या मालात मुद्दाम एक खराब नग सरकवायचा आणि गप्प बसायचं. मी बिट्टन मार्केटमधून पनीर आणलं, आत भिजवलेला हरभरा खोचला, वरून लिंपलं आणि डबा घेऊन थेट तिच्या प्रयोगशाळेत गेलो.

"तुझ्या यंत्राने चाचपून सांग, ह्यात काही आहे का?"

तिने पडद्यावर नजर ठेवून हात हलवले. पलीकडे बारीक चिमट्यांनी पनीर इतकं अलगद दाबलं की साधा ओरखडा उठला नाही. मला कौतुक वाटलं, पण ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आता ही "सब ठीक है" म्हणणार आणि मी हिला पकडणार, याची वाट बघत बसलो.

"नाही कळत, बाबा," ती म्हणाली. मग उठून तिने स्वतःचा अंगठा फिरवला. "हां, इथे आहे काहीतरी. बोटाला कळतं, चिमट्याला नाही. उसी पे तो माझं काम चाललंय."

"मग परवा गप्प का बसलीस?"

"रोबोने पण छान होतं, डॉक्टर चाचपून नाही, पडद्यावर बघून करतात. पण आईच्या डॉक्टरांचा हात दुर्बिणीवर बसलाय, मला तेच हवंय. 'रोबो नको' म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हिचाच हिच्या कामावर भरोसा नाही. 'हो' म्हटलं तर, आपलंच घोडं दामटतेय. तुम्हाला काय मी ओळखत नाही?"

आपल्याच हातच्या नगावर 'नापास' लिहिणारं माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं. ते माझ्याच घरात जेवत होतं आणि मी त्याच्यावर पाळत ठेवून होतो. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं संमतीपत्र समोर आलं. तिने ते आधी वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी खिशातलं पेन काढून सही केली.

"बाबा, वाचलं तरी का?"

"तू वाचलंस ना," मी म्हणालो.